दगडावरील आंकडे आणि परत आलेलीं नांवें

सातारा, रत्नागिरी, पुणें ह्या जिल्ह्यांतील कित्येक खेड्यांत भिंतीवर बसविलेली एक लहानशी पाटी आजहि दृष्टीस पडते. तिच्यावरील मजकूर ठराविक असतो. ह्या गांवांतून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकीं अमुक इतक्यांनीं आपले प्राण अर्पण केले, एवढेंच तींत सांगितलेलें असतें. गेले किती आणि पडले किती, हा हिशेब चोख आहे. गेले कोण आणि पडले कोण, ह्याविषयीं मात्र पाटी मुकी आहे. ती बसविली त्या वेळीं गांवाला नांवें सांगण्याची गरजहि नव्हती. ज्या घरचा मुलगा परत आला नाहीं, तें घर साऱ्या गांवाला ठाऊक होतें. पुढें चार पिढ्या उलटल्या, घरें मुंबईस गेलीं, म्हाताऱ्या माणसांबरोबर त्यांच्या आठवणी गेल्या, आणि पाटीवर उरला तो केवळ आंकडा.

रणांत पडलेल्या वीराची आठवण ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाहीं. गांवाबाहेर, देवळाच्या आवारांत, कधीं शेताच्या बांधावर उभे असलेले वीरगळ ह्याची साक्ष देतात. दगडाच्या एका चौकटींत झुंज, तिच्या वरच्या चौकटींत वीराला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला तोच वीर, अशी ही कथा खालून वर वाचावयाची असते. महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळांवर लेख नाहीं. ज्यांच्यासाठीं तो दगड उभा केला, त्यांना वाचून दाखविण्याची आवश्यकता नव्हती. परंतु ह्याच कारणामुळें आज त्यांपैकीं बहुतेक वीर अनाम झाले आहेत. दगड टिकला, आणि ज्याच्यासाठीं तो उभा केला तोच त्यांतून निसटला.

नांव कोरल्यानें काय होतें, ह्याचें उत्तर भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें मिळतें. १ जानेवारी १८१८ रोजीं तेथें पेशव्यांचें सैन्य आणि कंपनी सरकारची एक तुकडी ह्यांची लढाई झाली. त्यानंतर उभारलेल्या स्तंभावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहे आणि त्यांत पडलेल्या एतद्देशीय शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील कित्येक नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि तो महार शिपायांच्या नांवांचा होय. कंपनीनें हा स्तंभ आपल्या विजयासाठीं उभारला होता. परंतु पुढें महारांची लष्करांतील भरती बंद पडली तेव्हां हींच नांवें पुरावा म्हणून उपयोगीं पडलीं. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशीं गेले, आणि तेव्हांपासून तें स्थान एका समाजाच्या स्वाभिमानाचें स्थान बनलें. तेथें नुसता मृतांचा आंकडा कोरला असता, तर त्या आंकड्यावर कोणालाहि आपला हक्क सांगतां आला नसता.

कोरेगांवानंतर शंभर वर्षांनीं पहिलें महायुद्ध झालें, आणि सैनिकांच्या स्मारकांचा प्रश्न पूर्वीं कधीं नव्हता इतक्या मोठ्या प्रमाणावर पुढें आला. फेबियन वेअर नांवाचे एक गृहस्थ १९१४ सालीं फ्रान्समध्यें रेड क्रॉसच्या एका पथकाचे प्रमुख होते. घाईघाईनें पुरलेल्या सैनिकांच्या कबरींची कोठें नोंदच होत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें आणि त्यांनीं ती नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यांतूनच २१ मे १९१७ रोजीं राजसनदेनें साम्राज्य युद्धसमाधि मंडळ स्थापन झालें. १९६० सालीं त्याच्या नांवांतील ‘साम्राज्य’ जाऊन ‘राष्ट्रकुल’ आलें. ब्रिटिश म्यूझियमचे संचालक सर फ्रेडरिक केन्यन ह्यांनीं १९१८ सालीं मंडळाच्या कार्याचीं तत्त्वें आंखून दिलीं. सेनापति असो वा साधा शिपाई, श्रीमंताचा मुलगा असो वा मजुराचा, सर्वांचें स्मारक एकाच तोलाचें असावें. आणि ज्याची कबर सांपडत नाहीं त्याचेंहि नांव कोठें तरी कोरलें जावें. त्या काळच्या मानानें हें तत्त्व फार उदार होतें. पूर्वींच्या युद्धांत स्मारक होई तें सेनापतीचें. शिपाई सामुदायिक खड्ड्यांत जाई.

हें तत्त्व युरोपांत बव्हंशीं पाळलें गेलें. फ्रान्समधील नव्ह शापेल येथें हर्बर्ट बेकर ह्या वास्तुशिल्पज्ञानें हिंदी सैनिकांचें एक सुंदर स्मारक बांधलें. ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें त्याच्या वर्तुळाकार भिंतीवर कोरलेलीं आहेत. परंतु युरोपपासून जसजसें दूर जावें तसतशी ह्या तत्त्वाची धार बोथट होत गेली, असें इतिहास सांगतो.

मराठी माणसाच्या दृष्टीनें ह्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचें स्थान म्हणजे इराकमधील बसरा होय. त्या काळीं त्या प्रदेशाला मेसोपोटेमिया म्हणत. तेथें लढावयास गेलेल्या सेनेंत ‘पूना डिव्हिजन’ ह्या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन प्रमुख होती. १०३ वी, ११० वी व ११७ वी ह्या मराठा पलटणी तींत होत्या. जनरल टाउनशेंड ह्यांच्या हाताखालीं ही सेना तैग्रिस नदीच्या कांठाकांठानें बगदादच्या रोखानें चढत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफॉन येथें तुर्कांशीं घनघोर लढाई झाली, त्यांत फार हानि झाल्यामुळें सेनेला माघार घ्यावी लागली आणि ती कूत-अल-अमारा ह्या गांवांत अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठला नाहीं. अन्न संपलें, घोडीं व खेंचरें मारून खावीं लागलीं, सोडविण्यास आलेल्या सैन्याचे हजारों लोक वाटेंत पडले, आणि शेवटीं सुमारें १३,००० माणसें शत्रूच्या हातीं गेलीं. त्यांतील हजारों हिंदी शिपाई व अनुयायी कैदेंत आणि वाळवंटांतील कूच करतांना मरण पावले. त्यांच्या देहांना ना सरण मिळालें ना कबर.

ह्या सर्वांसाठीं बसऱ्यास एक भव्य स्मारक बांधण्यांत आलें. एडवर्ड वॉरन ह्यांनीं त्याचा आराखडा केला आणि मार्च १९२९ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. १९१४ च्या शरद्ऋतूपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत त्या रणभूमीवर मरण पावलेल्या व ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४०,५०० हून अधिक सैनिकांचें तें स्मारक आहे. त्यांत फार मोठा वाटा हिंदी शिपायांचा आहे. परंतु ह्या साध्या शिपायांचीं नांवें तेथें कोरलेलीं नव्हतीं. पलटणीचें नांव, आणि त्याखालीं तिचे किती हिंदी शिपाई पडले त्याची संख्या, एवढेंच तेथें होतें. टॉमी ऍटकिन्सला बसऱ्याच्या दगडांत नांव मिळालें. त्याच्याच शेजारच्या खंदकांत पडलेल्या साताऱ्याच्या शिपायाला मिळाला तो एका बेरजेंतील एक.

असें कां झालें? त्या काळच्या अधिकाऱ्यांजवळ कारणें तयार होतीं. याद्या अपुऱ्या आहेत, नांवांचें लेखन बिनचूक होत नाहीं, इतकीं नांवें कोरण्यास खर्च फार येईल. ह्यांतील कांहीं अडचणी खऱ्याहि होत्या. परंतु अशाच अडचणी फ्रान्समध्यें आल्या तेव्हां त्यांवर मार्ग काढण्यांत आला होता. मूळ कारण निराळें होतें. आफ्रिकेंतील एका वसाहतीचे गव्हर्नर गुगिसबर्ग ह्यांनीं १९२३ सालीं असें मत दिलें होतें कीं, तेथील सामान्य माणसाला कबरीवरील शिळेचा अर्थ कळणार नाहीं. ज्याला आपल्या मृताच्या नांवाची किंमत कळत नाहीं असें आपण गृहीत धरतों, त्याचें नांव कोरण्याची तसदी कोण घेणार? पूर्व आफ्रिकेंत ओझीं वाहतां वाहतां जे हमाल मेले, त्यांच्या वांट्याला तर पुष्कळदां आंकडाहि आला नाहीं.

इंग्लंडच्या भूमीवरहि ह्याचें एक उदाहरण आहे. ब्रायटन येथील रुग्णालयांत मरण पावलेल्या हिंदु व शीख सैनिकांचें पॅचमच्या टेंकडीवर दहन करण्यांत आलें होतें. त्या जागीं संगमरवरी छत्री उभारली गेली व १ फेब्रुवारी १९२१ रोजीं प्रिन्स ऑफ वेल्स ह्यांनीं तिचें उद्घाटन केलें. छत्री देखणी होती, परंतु तेथें ज्यांच्या चिता पेटल्या होत्या त्या ५३ जणांचीं नांवें तिच्यावर नव्हतीं. तीं एका निराळ्या भिंतीवर कोरलीं गेलीं २०१० सालीं, म्हणजे तब्बल एकोणनव्वद वर्षांनीं.

हीं नांवें पुसलीं गेलीं नाहींत, ह्याचें श्रेय कारकुनांना द्यावें लागेल. दगडावर जागा नसली तरी वह्यांत जागा होती. सैनिकाचा नंबर, हुद्दा, पलटण, बापाचें नांव, गांव, जिल्हा, मृत्यूची तारीख असा तपशील नोंदपुस्तकांत उतरून ठेवलेला होता. मुंबईसहि अशी परंपरा आहे. मस्जिद बंदराजवळच्या हिंदी खलाशी-गृहांत पहिल्या महायुद्धांतील अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक आहे, ज्यांना समुद्रावांचून दुसरी कबर नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत बुडालेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी नाविकांचीं व खलाशांचीं नांवें एका स्मृतिग्रंथांत लिहिलेलीं आहेत. त्या ग्रंथाची एक प्रत मुंबईस व एक चितगांवास ठेवलेली आहे. ज्यांचा देह समुद्रानें घेतला, त्यांचें स्मारक शाईनें झालें. वहीला मात्र एक दोष होता. ती पाहावयाची तर कपाटापर्यंत जावें लागे. आणि कपाट कोठें आहे, हेंच कोंकणांतल्या किंवा देशावरच्या घराला ठाऊक नसे.

संगणकांच्या महाजालानें हें कपाट उघडलें. १९९८ सालीं युद्धसमाधि मंडळानें आपलीं नोंदपुस्तकें सर्वांस पाहतां येतील अशीं महाजालावर ठेवलीं. दोन्ही महायुद्धांतील सुमारें १७ लाख मृतांच्या नोंदी त्यांत आहेत. आज बसऱ्याच्या स्मारकाखालीं मराठा पलटणींतील शिपायांचीं नांवें तेथें वाचतां येतात. पुष्कळांच्या बापाचें नांव व गांवहि सांपडतें. दगडानें जें नाकारलें, तें ह्या अदृश्य भिंतीनें दिलें. बसऱ्याचें मूळ स्मारक तर १९९७ सालीं तेथील राज्यकर्त्यांच्या हुकुमानें नदीकांठच्या जागेवरून हालवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटांत नेऊन उभें करण्यांत आलें. त्यापुढें त्या देशांत युद्धें व दंगे झाले आणि त्याची देखभाल करणेंहि दुरापास्त झालें. साताऱ्याच्या खेड्यांतील नातवाला तेथें फूल वाहावयास जाणें शक्य नव्हतें. आपल्या ओसरीवर बसून पणजोबाचें नांव पाहणें त्याला आतां शक्य झालें आहे.

हें काम दुसऱ्या देशांतहि वेगवेगळ्या रीतींनीं झालें आहे. कॅनडा सरकारच्या माजी सैनिक खात्यानें एक आभासी युद्धस्मारक उभारलें आहे. त्यांत १,१८,००० हून अधिक मृत सैनिकांचीं पानें आहेत, आणि सैनिकाच्या घरच्या मंडळींना आपल्याजवळचीं छायाचित्रें, पत्रें, वर्तमानपत्रांतील कात्रणें त्याच्या पानावर ठेवतां येतात. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें व्हिएतनामच्या युद्धांत पडलेल्या ५८,००० हून अधिक सैनिकांचीं नांवें एका काळ्या भिंतीवर कोरलेलीं आहेत. तेथील स्मारक-निधीनें त्या प्रत्येक नांवाला एक चेहरा मिळवून देण्याचा संकल्प केला. कित्येक वर्षें गांवोगांव शोध चालला, आणि २०२२ सालीं प्रत्येकाचें निदान एक तरी छायाचित्र हातीं आलें. दिल्लीस २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं राष्ट्रीय समरस्मारकाचें उद्घाटन झालें. स्वातंत्र्यानंतर देशासाठीं पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक वीरांचीं नांवें त्याच्या भिंतींवर आहेत, आणि दूरच्या माणसाला महाजालावरून एखाद्या वीराला श्रद्धांजलि वाहण्याची सोयहि तेथें केलेली आहे.

ह्यांपेक्षांहि अधिक विचार करावयास लावील असें एक काम लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमनें केलें. २०१४ ते २०१९ ह्या काळांत त्यांनीं लोकांच्या मदतीनें पहिल्या महायुद्धांत सेवा केलेल्या ७० लाखांहून अधिक व्यक्तींच्या जीवनाच्या नोंदी जमविल्या आणि त्या कायमच्या जतन केल्या. त्यांत केवळ पडलेले नाहींत. परत आलेलेहि आहेत. दगडाचीं स्मारकें बहुधा मृतांचींच असतात. परंतु एक हात गमावून, डोळे गमावून, किंवा वरवर धडधाकट पण मनानें मोडून जो घरीं आला, आणि पुढें तीस-चाळीस वर्षें पेन्शनवर व थोड्याशा जमिनीवर जगला, त्याचें स्मारक कोठें आहे? गांवच्या पाटीवर ‘गेले’ ह्या आंकड्यांत तो असतो, ‘पडले’ ह्या आंकड्यांत तो नसतो. लाहोरच्या संग्रहालयांत पडून असलेल्या पंजाबच्या युद्धनोंदवह्यांचें मोल ह्याच कारणानें मोठें आहे. गांवोगांवच्या सुमारें ३,२०,००० सैनिकांचीं नांवें त्यांत आहेत. त्यांतील तीन जिल्ह्यांच्या नोंदी नोव्हेंबर २०२१ मध्यें इंग्लंडमधील एका पंजाबी वारसासंस्थेनें व ग्रीनिच विद्यापीठानें महाजालावर प्रसिद्ध केल्या. सीमेच्या अलीकडच्या जालंदर-लुधियान्याच्या कुटुंबांना आणि पलीकडच्या सियालकोटच्या कुटुंबांना आपले पूर्वज एकाच यादींत भेटले.

नांवें उघडीं झालीं कीं हिशेबहि उघडा होतो. यादी सर्वांच्या हातीं आल्यावर तींत कोण नाहीं, हेंहि लोकांना दिसूं लागलें. संशोधकांनीं प्रश्न विचारले, २०१९ सालीं इंग्लंडमध्यें एक चित्रपट दाखविला गेला, आणि युद्धसमाधि मंडळाला स्वतःच्याच कारभाराची चौकशी करावी लागली. २२ एप्रिल २०२१ रोजीं त्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मारक इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं. आणखी निदान १,१६,०००, कदाचित् ३,५०,००० पर्यंत मृतांची नांवानें स्मृति राखली गेली नाहीं, व त्यांतील कित्येकांची मुळींच राखली गेली नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. ह्यामागें वर्णभेदाची वृत्ति होती, हेंहि अहवालानें मान्य केलें. मंडळानें क्षमा मागितली, आणि त्याच दिवशीं ब्रिटिश पार्लमेंटांत संरक्षणमंत्र्यांनींहि मागितली. त्याचें एक फळ २०२५ च्या जानेवारींत दिसलें. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें, पहिल्या महायुद्धांत मजूर-तुकड्यांत काम करतांना मेलेल्या सतराशेंहून अधिक कृष्णवर्णीय माणसांचें स्मारक उघडण्यांत आलें. त्यांत प्रत्येकासाठीं एक लांकडी खांब आहे व त्यावर त्याचें नांव आहे. कागदांत लपलेलीं नांवें प्रथम यादींत आलीं आणि यादींतून पुन्हां उघड्यावर, माणसांच्या स्पर्शाला आलीं.

असें असलें तरी आभासी स्मारकाच्या मर्यादा दृष्टीआड करूं नयेत. पडद्यावर वाहिलेलें फूल कोमेजत नाहीं, परंतु तें वाहण्यास कष्टहि पडत नाहींत. आणि ज्या श्रद्धेला कष्ट नाहींत ती क्षणांत विसरली जाण्याचा संभव असतो. दगड ऊनपाऊस सोसून शतकेंच्या शतकें उभा राहतो. महाजालावरील पानाला मात्र रोजची निगा, वीज आणि पैसा लागतो. संस्था बंद पडली तर पानहि नाहींसें होतें. ह्याच्या उलट, दगडावरची चूक शंभर वर्षें तशीच राहते आणि यादींतील चूक दुसऱ्या दिवशीं सुधारतां येते. म्हणून दगड आणि यादी ह्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजण्याचें कारण नाहीं. कवायतीच्या दिवशीं ज्याच्यापुढें मस्तक नमवावें असें स्थान गांवाला हवेंच. आणि तें कोणापुढें नमवावयाचें, हें यादी सांगूं शकते.

मराठी घराला ह्या याद्यांचा उपयोग करून घेतांना एक अडचण हटकून येते. नोंदी इंग्रजी कारकुनांनीं कानांवर पडेल तसे उच्चार रोमन लिपींत उतरून केलेल्या आहेत. शिंद्यांचा ‘सिंदे’ होतो, जाधवांचा ‘जाधाव’ किंवा ‘जादू’ होतो. कित्येकांचें आडनांवच नाहीं, नुसतें आपलें व बापाचें नांव आहे. गांवाचें नांव असें लिहिलेलें असतें कीं त्या गांवच्या पाटलालाहि तें ओळखूं येऊं नये. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे यशवंत घाडगे ह्यांना शोधण्यास ही अडचण नाहीं. १० जुलै १९४४ रोजीं ते इटलींत तायबर नदीच्या खोऱ्यांत पडले; त्यांची कबर सांपडलेली नाहीं, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचें नांव आहे आणि माणगांवास त्यांचा पुतळा आहे. अडचण आहे ती अशा शिपायाची, ज्याला पदक मिळालें नाहीं, ज्याच्याविषयीं घरीं फक्त एवढेंच ठाऊक आहे कीं तो ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाहीं.’

ह्या शिपायाला शोधण्याचें काम लंडनमध्यें बसून होणारें नाहीं. कारकुनाच्या वांकड्या अक्षरांतून ‘खटाव’ कोणतें आणि ‘खेड’ कोणतें, कोणता ‘सखाराम’ कोणत्या भावकींतला, हें ओळखण्यास त्या मातीची व त्या भाषेची ओळख लागते. गांवच्या पाटीवरील आंकडा घ्यावा, यादींतील त्या गांवचीं नांवें त्याच्यापुढें मांडावीं, जुन्या पेन्शनच्या कागदांशीं, पेटींत जपून ठेवलेल्या पदकाच्या कडेवर कोरलेल्या नंबराशीं आणि वृद्धांच्या सांगण्याशीं तीं ताडून पाहावीं. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना हें काम सहज करतां येईल, आणि इतिहास हा विषय केवळ राजांचा व तहांचा नाहीं, हेंहि त्यांना त्यांतून उमजेल. जुळलेलें नांव यादींत देवनागरींत लिहावें, आणि गांवाची इच्छा असेल तर त्याच पाटीखालीं दुसरी पाटी बसवावी. पहिल्या पाटीवरील आंकडा आणि दुसऱ्या पाटीवरील नांवांची मोजणी ज्या दिवशीं सारखी भरेल, त्या दिवशीं त्या गांवापुरता तरी हा जुना हिशेब पुरा होईल.